गिटारचा अँप वाजता वाजता मधेच गप्प होतो. काय काय तपासू?

सुरंगी
नमस्कार मंडळी. मी शिरोड्याची. घरापासून वेळागरचा किनारा चालत पाच मिनिटांवर. माझ्याकडे ४० वॅटचा ट्रान्झिस्टरवाला कॉम्बो अँप आहे, १२ इंची स्पीकरचा. जुनाच घेतला होता, त्यालाही आता सहा वर्षं झाली. आषाढापासून त्याचं असं चाललंय की दहा-पंधरा मिनिटं छान वाजतो, मग आवाज एकदम पाव होतो किंवा पार बंद. समोरचा लाल दिवा चालूच असतो. कधी आपोआप परत येतो, कधी वरून थाप मारली की येतो, आणि कधी मी जोरात एक कॉर्ड वाजवली की "खर्र" होऊन परत सुरू.

तीन केबली बदलून पाहिल्या. मैत्रिणीची गिटार लावून पाहिली. तेच. कुडाळच्या एका दुरुस्तीवाल्यांकडे चार दिवस ठेवला, तर "आमच्याकडे नीट चालतो" म्हणून परत दिला. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा बंद.

गणपती अठरा दिवसांवर आलेत. वाडीच्या मंडळात पाच रात्री कार्यक्रम असतो आणि गिटार वाजवणारी मी एकटीच. अँपशिवाय ढोलकी आणि कीबोर्डपुढे माझा काही पाड लागणार नाही. मागच्या बाजूला सेंड, रिटर्न, हेडफोन आणि फूटस्विच अशी भोकं आहेत, पण त्यांत मी आजवर काहीच लावलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

खाजणातला खेकडा
आधी भिंतीतलं सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोर्ड बघा. आमच्याकडे पावसात निम्मे आजार तिथलेच निघतात.

सुरंगी
@खेकडा, दिवा एकदाही मिणमिणत नाही. त्याच बोर्डावर पंखा लावला, तो व्यवस्थित चालतो.

माडाखाली
एक नीट ऐकून सांगा. आवाज जातो तेव्हा स्पीकरमधली ती बारीक "सूं" पण जाते की राहते? म्हणजे गिटार गेली पण सूं आहे, की स्पीकर अगदी मेल्यासारखा? आणि सूं असेल तर मास्टर व्हॉल्यूम फिरवल्यावर ती कमीजास्त होते का? एवढ्या एका गोष्टीवरून अर्धा अँप वगळता येतो.

जुना रेडिओ
माडाखाली यांनी नेमका प्रश्न विचारलाय. मी ३४ वर्षं रत्नागिरीत रेडिओ, टेप, मंडपाचे अँप दुरुस्त केले. आता दुकान बंद आहे, पण लोक अजून घरी वस्तू घेऊन येतात, त्या बघतो.

सुरंगीताई, दुरुस्तीवाल्यांवर फार रागावू नका. अधूनमधून येणारा दोष हा सगळ्यात अवघड दोष. पूर्ण मेलेला अँप तासाभरात सापडतो. जो टेबलावर ठेवल्यावर शहाण्यासारखा वाजतो, तो आठ-आठ दिवस खातो. म्हणून दोष *असताना* तपासायचं, गेल्यावर नाही. थाप मारून आवाज परत आणायची घाई करू नका. बंद पडला की तसाच राहू द्या आणि त्याच स्थितीत एकेक गोष्ट बघा.

अँपचे मनात तीन तुकडे करा. पहिला प्रीअँप: गिटारचा क्षीण सिग्नल मोठा करणारा, बास-ट्रेबलची बटणं असलेला. दुसरा पॉवर अँप: तापणारा, मागे अॅल्युमिनियमची उभ्या पात्या असलेली पट्टी असते तो. तिसरा स्पीकर आणि त्याच्या वायरी. दोष कुठल्या तुकड्यात आहे ते कळेपर्यंत स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही.

गजालवाला
सुरंगी बाय, माझ्या भावाच्या कीबोर्ड अँपाचा पण असाच होता. त्याच्यात निघाली पाल. सुकलेली. आतल्या सर्किट बोर्डावर आडवी पडली होती.

सुरंगी
@गजालवाला, आता मी तो उघडायच्या आधी दहा वेळा विचार करेन :)

@माडाखाली, काल रात्री सरावाला बसले आणि विसाव्या मिनिटाला गेला. हात न लावता ऐकलं. सूं राहते. बारीक, पण आहे. मास्टर वाढवला की सूं वाढते. पुढची गेन, बास, ट्रेबलची बटणं फिरवली तर काहीच फरक नाही.

माडाखाली
मग स्पीकर, त्याच्या वायरी आणि पॉवर अँप ठणठणीत. मास्टरच्या आधी कुठेतरी सिग्नल तुटतोय.

जुना रेडिओ
आणि प्रीअँप संपून पॉवर अँप सुरू होतो त्या वेशीवरच तुमची ती न वापरलेली भोकं आहेत.

सेंडमधून प्रीअँपचा आवाज बाहेर काढता येतो, मधे इको वगैरेचं पेडल लावायचं आणि रिटर्नमधून परत आत घालायचं. पेडल नसेल तेव्हा मार्ग तुटू नये म्हणून रिटर्नच्या जॅकच्या आतच एक पत्र्याची बारीक पट्टी असते, ती दुसऱ्या पट्टीला टेकलेली असते. पिन घातली की पट्ट्या दूर होतात, काढली की टेकतात. म्हणजे तुम्ही रिटर्न कधी वापरला नसला तरी तुमची प्रत्येक नोट गेली सहा वर्षं त्या टेकलेल्या पट्टीवरूनच जाते आहे. आणि कधीच पिन घातली नाही म्हणून ती पट्टी कधी घासलीही गेली नाही. तिच्यावर पापुद्रा धरतो.

जोरात कॉर्ड मारली की आवाज परत येतो हे तुम्ही सांगितलंत, तेव्हाच माझ्या मनात हे आलं होतं. पापुद्रा अगदी पातळ असतो. मोठा सिग्नल तो भेदून जातो, लहान सिग्नल अडतो. घरातल्या दिव्याच्या बटणाला हे होत नाही, कारण तिथे २३० व्होल्ट असतात, प्रत्येक वेळी बारीक ठिणगी पडते आणि पापुद्रा जळून जातो. इथे फार तर व्होल्टभर, त्याच्यात कुठली ठिणगी?

तपासणी फुकट आहे. एक आखूड गिटार केबल घ्या. एक टोक सेंडमध्ये, दुसरं रिटर्नमध्ये. अँप उघडायचा नाही. दोष असताना लावा. आवाज लगेच आला आणि टिकला तर चोर सापडला.

दुबईकर मालवणी
स्पष्ट सांगतो, राग मानू नका. सहा वर्षांचा जुना घेतलेला अँप, त्यात समुद्राची हवा. किती दिवस डागडुजी करणार? आजकाल गिटारचा छोटा प्रोसेसर (अँपसारखा आवाज तयार करणारी डबी) घेतला की थेट मंडपाच्या साउंड मिक्सरमध्ये वाजवता येतं. हलका, तापत नाही, पिशवीत मावतो.

वाशिष्ठीकाठ
@दुबईकर, प्रोसेसरलाही जॅक असतातच की. आणि मंडळाच्या कार्यक्रमात मिक्सर ज्याच्या हातात असतो त्याला गायकाच्या माइकपलीकडे काही दिसत नाही. पाठीमागे स्वतःचा अँप असला की निदान आपण काय वाजवतोय ते ऐकू येतं.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझा बास अँप आणि दोन कॅबिनेट रात्रभर पाण्यात होते. चिखल आतपर्यंत. सगळे म्हणाले टाकून दे. मी सगळं सुटं केलं, बोर्ड आधी नळाच्या स्वच्छ पाण्याने धुतले. हो, पाण्याने. वाळलेल्या गाळापेक्षा स्वच्छ पाणी बरं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रश फिरवला आणि तीन आठवडे पंख्याखाली वाळवले. उन्हाचा पत्ताच नव्हता. ट्रान्सफॉर्मर तर बल्बच्या उबेत पंधरा दिवस ठेवला होता. पहिल्यांदा वीज दिली तीही १०० वॅटचा पिवळा बल्ब मालिकेत लावून, म्हणजे कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि अँप वाचेल. स्पीकरचे कागद गेले ते गेलेच, ते बदलले. अँप आजही वाजतोय. तेव्हा हातातली वस्तू टाकायला माझं मन होत नाही.

दुबईकर मालवणी
वाशिष्ठीकाठ, हे वाचून माझा सल्ला मागे घेतो. मालिकेतल्या बल्बची युक्ती लिहून ठेवली.

सुरंगी
सापडला!!!

आज संध्याकाळी पंचविसाव्या मिनिटाला गेला. हात थरथरत होते खरं सांगते. सेंड-रिटर्नमध्ये केबल घातली आणि पूर्ण आवाज. इतका की आई स्वयंपाकघरातून ओरडली. केबल काढली, पुन्हा पाव आवाज. घातली, पूर्ण. पाच वेळा करून पाहिलं. मग केबल ठेवून दीड तास वाजवला, एकदाही गेला नाही.

काका, तुमचे आभार कसे मानू? सहा वर्षांत ज्या भोकाला हात लावला नाही तिथेच दोष निघेल असं स्वप्नातही आलं नसतं.

माडाखाली
वा! दिल खूश.

खारा वारा
उशिरा आलो धाग्यावर. वेंगुर्ल्यात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं "हे का होतं" त्याबद्दल. किनाऱ्यावरच्या हवेत लाटांच्या तुषारांतून उडालेले मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते कशावरही बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. बरणीतलं मीठ पावसाळ्यात ओलं होतं ते याचमुळे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून वरच. म्हणजे जॅकच्या पट्टीवर चार महिने खाऱ्या पाण्याचा अदृश्य थेंब बसलेला. त्यातला क्लोराईड तांब्या-पितळेला खातो, तो हिरवा थर सगळ्यांनी पाहिलेला असतो. वरचा निकेल किंवा कथलाचा मुलामा एकदा भेदला की आतलं पितळ सुरू.

मंगळवारी कुडाळात नेलेला अँप तिथे चालतो आणि गुरुवारी शिरोड्यात बंद पडतो, यात नवल नाही. थोडं आत गेलं की हवेतलं मीठ कमी होतं, आणि दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर तर दिवसभर दिवा चालू असतो.

अवांतर: शिरोड्याला मिठाचं काय सांगायचं म्हणा. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या. गावाचं नाव देशभर झालं ते मिठामुळेच.

सुरंगी
@खारा वारा, आजोबांकडून त्या गोष्टी ऐकलेल्या आहेत. मिठागराच्या बांधावरून शाळेत जायचो आम्ही.

आता प्रश्न असा की केबल कायमची ठेवू, की जॅक साफ करून घेऊ? साफ करायचं तर कशाने?

खाजणातला खेकडा
कुलूप-बिजागरीवर मारतात तो तेलाचा स्प्रे मारा. एका फवाऱ्यात काम.

जुना रेडिओ
नको! त्याच्यात तेल असतं, ते मागे राहतं. त्याच्यावर धूळ आणि मीठ चिकटतं आणि दोन महिन्यांत आधीपेक्षा वाईट. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये गेला तर आतल्या कार्बनच्या पट्टीवर चिकट थर बसतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात "कॉन्टॅक्ट क्लीनर" म्हणून वेगळा डबा मिळतो, तोच आणा. पॉलिश पेपरही नको. मुलामा खरवडून निघाला की आतलं पितळ उघडं पडतं, आणि किनाऱ्यावर ते महिनाभरही टिकत नाही.

पद्धत अशी: प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. अर्धा तास जाऊ द्या. रिटर्नच्या भोकात क्लीनरचा एक छोटा फवारा. मग गिटारची पिन पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर घासतील. पुन्हा एक फवारा. तासभर वाळू द्या. क्लीनर पेट घेतो, म्हणून ओला असताना वीज द्यायची नाही, जवळ उदबत्तीसुद्धा नको. हेडफोनच्या भोकाला तेच करा. तिथेही अशीच पट्टी असते, तिच्यावरून स्पीकरला आवाज जातो. आज नाही तर उद्या तीही हाच त्रास देईल.

केबल कायमची ठेवायलाही हरकत नाही. अनेक वादक तेच करतात. फक्त चांगली आखूड केबल घ्या आणि स्टेजवर कुणाचा पाय अडकणार नाही अशी चिकटपट्टीने बांधा.

अलिबागचा व्हॉल्व्ह
धागा आवडला. माझा ट्यूबचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) अँप आहे, त्याच्याबद्दल चार शब्द, कारण हे वाचून कुणीतरी ट्यूबवाला उघडेल.

ट्यूब अँपमध्ये मधेच आवाज जाण्याची कारणं थोडी वेगळी. ट्यूबचे पाय आणि सॉकेट गंजतात. शिवाय सॉकेट बोर्डावरच झाळलेलं असेल तर ट्यूब तापून-थंडावून झाळ तडकते, तोच ड्राय सोल्डर. मी अँप चालू ठेवून कोरड्या लाकडी काडीने एकेक ट्यूब हलकेच ठोकतो. जिथे ठोकल्यावर आवाज जातो-येतो तिथे दोष. माझ्या पहिल्या १२एएक्स७ ट्यूबचं सॉकेट असंच सापडलं.

गजालवाला
काडी म्हणजे नारळाचो हीर चलात?

अलिबागचा व्हॉल्व्ह
चालेल की, खराट्याचा जाड हीर मस्त.

जुना रेडिओ
व्हॉल्व्ह, इथे माझा ठाम विरोध नोंदवतो. बंद डब्यात बाहेरून काचेवर ठोकायचं असेल तर हीर, पेन्सिल काहीही घ्या. पण डबा उघडून आतल्या झाळेवर ठोकायचं तर पावसाळ्यातल्या हिराचा मी भरवसा देणार नाही. आपल्याकडे लाकूड ओल धरून असतं, आणि त्याच्यावरही तेच मीठ बसलेलं. ट्यूब अँपमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतं. वीज काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये राहतं. माझ्या ओळखीच्या एका चांगल्या कारागिराचा हात त्याने भिंतीवर आपटला होता, मनगट मोडलं. प्लॅस्टिकची सुकी विणायची सुई घ्या आणि एक हात खिशात ठेवा. ज्याने आधी हे काम केलेलं नाही त्याने ट्यूब अँप उघडूच नये.

अलिबागचा व्हॉल्व्ह
काका, मान्य. मी बाहेरून ठोकण्याबद्दलच म्हणत होतो, पण तसं स्पष्ट लिहायला हवं होतं. गजालवाल्यांनी हीर फक्त काचेवर वापरावा. आणखी एक: ट्यूब अँप स्पीकर काढून कधीच चालू करायचा नाही, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्झिस्टरवाल्याला स्पीकर नसला तरी बहुधा चालतं, पण त्याच्या स्पीकरच्या वायरी एकमेकींना टेकता कामा नयेत.

रातराणी
अवांतर: माझे मामा दशावतारी कंपनीत पायपेटी वाजवतात. पावसाळ्यात पेटी पोटमाळ्यावर, चुलीच्या वरच्या अंगाला ठेवतात. धूर लागून लाकूड काळं पडतं, पण पितळी स्वरांवर हिरवं धरत नाही असं ते सांगतात. पखवाजाला तर खेळाआधी ऊब द्यावीच लागते, नाहीतर पुडी ढिली. आमची माणसं या हवेशी झगडतायत ती अँप यायच्या कितीतरी आधीपासून. सुरंगी, तुझ्या अँपलाही बारीक ऊब दे. कपाटात ठेवून एक छोटा बल्ब चालू ठेव.

माडाखाली
रातराणी, सुंदर. बल्बची कल्पना खरंच चालते. कपाटातली हवा बाहेरपेक्षा चार-पाच अंश गरम राहिली तरी आर्द्रता बरीच उतरते. फक्त बल्ब कापड-कागदापासून लांब.

सुरंगी
वाईट बातमी. क्लीनर कुडाळहून आणला, काकांनी सांगितलं तसं दोन्ही भोकं साफ केली. तीन दिवस केबलशिवाय झकास वाजला. आज मंडळाच्या तालमीत चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा गेला. सेंड-रिटर्नमध्ये केबल घातली, उपयोग नाही. मी रडायच्या बेतात आहे. सात दिवस राहिलेत.

माडाखाली
थांबा. सूं होती?

सुरंगी
नव्हती! आता तुम्ही विचारलंत तेव्हा लक्षात आलं. स्पीकर अगदी मेलेला होता. दिवा चालू. दहा मिनिटांनी आपोआप आला, मग वीस मिनिटांत पुन्हा गेला. आणि थाप मारून किंवा जोरात वाजवून काहीच होत नव्हतं.

जुना रेडिओ
मग हा तो दोष नव्हेच. पहिला रोग बरा झालाय, हा दुसरा. असं होतं. आधी पंचवीस मिनिटांत अँप बंद पडायचा, आणि घरी दीड तास वाजवलात तेव्हा तालमीएवढा जोर नसणार, म्हणून चाळीस मिनिटं जोरात वाजण्याची त्याच्यावर वेळच आली नव्हती.

चाळीस मिनिटांनी जातो, दहा मिनिटांच्या विश्रांतीने येतो, पुढच्या वेळी लवकर जातो, सूंसकट जातो. हे उष्णतेचं वागणं. पॉवर अँपच्या चिपमध्ये स्वतःचं संरक्षण असतं. आतलं तापमान १५० अंशांच्या आसपास गेलं की ती आवाज बंद करते आणि निवली की पुन्हा चालू. ती स्वतःला वाचवतेय. ती का तापतेय ते शोधा. तालमीत अँप कुठे ठेवला होता? मागे भिंत किती जवळ? जाळी मोकळी आहे? स्पीकर बदललाय का कधी? ८ ओहमच्या जागी ४ ओहमचा बसवला असेल तर जास्त तापतो. मल्टीमीटर असेल तर प्लग काढून स्पीकरची एक वायर सोडवा आणि मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो.

सुरंगी
मंडळाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला होता, वर पावसाची भीती म्हणून प्लॅस्टिक घातलं होतं. पण घरीसुद्धा चार बोटंच अंतर असतं. मल्टीमीटर शेजारच्या दादांकडे आहे, उद्या मोजते.

वाशिष्ठीकाठ
प्लॅस्टिक आधी काढा! आणि मागची पट्टी बॅटरी मारून बघा. तिच्या पात्यांमधल्या फटी बुजल्या असतील.

सुरंगी
स्पीकर ६.७ दाखवतो, म्हणजे ठीक.

दादांनी बॅटरी मारली आणि म्हणाले, "अगो, हय कुंभारणीचा घर आसा." कुंभारीण म्हणजे ती मातीचं घर बांधणारी माशी. मागच्या जाळीच्या आत, अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या बरोबर मधल्या फटींत, लाल मातीची तीन लांबट घरटी! चार-पाच फटी पूर्ण लिंपलेल्या. एक फुटलेलं होतं, आत सुकलेले कोळी. मे महिन्यात मी महिनाभर पुण्याला होते आणि अँप खिडकीपाशी उघडाच होता, तेव्हा बांधली असणार.

गजालवाला
मी पाल म्हटलंय, तर निघाली कुंभारीण. अँपात कोण ना कोण रवताच.

खारा वारा
कुंभारीण कोळ्यांना डंख मारून लुळं करते आणि पिल्लांसाठी शिदोरी म्हणून कोंबून ठेवते. घर नेहमी आडोशाला, पावसापासून सुरक्षित, अरुंद फट बघूनच बांधते. हीट सिंकच्या, म्हणजे त्या तापणाऱ्या पट्टीच्या, फटी तिला अगदी मापाच्या मिळाल्या. पिल्लं उडून गेली असतील तर घरटं खुशाल काढा.

जुना रेडिओ
प्लग काढून, थंड झाल्यावर, प्लॅस्टिकच्या पट्टीने माती सुकी असतानाच फोडा. पाणी लावायचं नाही, लाल मातीचा चिखल फटीत आणखी खोल जातो. बारीक ब्रश आणि व्हॅक्यूम, किंवा सायकलचा पंप. जाळी काढावी लागली तर स्क्रू कुठून कुठला काढला त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चिप आणि पट्टी यांच्यामधल्या स्क्रूला हात लावायचा नाही, त्यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. इथून पुढे भिंतीपासून वीतभर अंतर, आणि वाजत असताना वर काहीही झाकायचं नाही. वापर नसेल तेव्हा सुती कापड घाला, प्लॅस्टिकच्या आत ओल कोंडते.

भाट्ये किनारा
मूकवाचक आहे, पण एक राहवत नाही म्हणून लिहितो. गणपतीच्या मंडपात ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून गिटार वाजवणार असाल तर अर्थिंग बघूनच वाजवा. गुणगुण येते म्हणून प्लगची मोठी, वरची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. अजिबात करू नका. गिटारच्या तारा अँपच्या अर्थशी जोडलेल्या असतात. अँपमध्ये गळती झाली आणि ओठ माइकला लागले की वीज अंगातून जाते. मंडपाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा असा मंडळाकडे आग्रह धरा. आणि अँप लाकडी पाटावर ठेवा, खालून ओल येत नाही.

सुरंगी
@भाट्ये किनारा, हे मी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं. वायरमन दादांनी मान्य केलं, उद्या आरसीसीबी बसते आहे. माती काढली, अँप दोन तास सलग वाजवला, मागे हात लावला तर नुसता कोमट.

माडाखाली
आता विसर्जनानंतरच बोला. शुभेच्छा!

सुरंगी
पाचही रात्री वाजवला. एकदाही गेला नाही. तिसऱ्या रात्री धो धो पाऊस होता, मंडपाचं एक टोक गळत होतं, तरी नाही. सेंड-रिटर्नची केबल खबरदारी म्हणून लावलेलीच होती. चौथ्या दिवशी ढोलकीवाल्या दादांनी पहिल्यांदाच "जरा कमी कर गो" म्हटलं, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

काका, तुमच्यासाठी आईने खतखतं केलं होतं. रत्नागिरीला आले की भेटायला येणार आहे, पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा.

जुना रेडिओ
जरूर या. अँप पण आणा, रिटर्नचा जॅक मी नवा बसवून देतो. साफ केलेली पट्टी पुढच्या आषाढापर्यंत टिकेल, फार तर त्याच्या पुढच्या. मुलामा एकदा गेलाय.

खाजणातला खेकडा
काका, नवा जॅक आणताना दुकानात काय म्हणून मागायचा? माझ्या कीबोर्ड अँपलाही हेच दिसतंय. केबल घातली की आवाज येतो.

जुना रेडिओ
पाव इंची जॅक एवढंच सांगितलंत तर साधा देतील, आणि अँप कायमचा गप्प होईल, कारण त्यात टेकणारी पट्टीच नसते. "स्विचवाला" म्हणून मागा. जुना काढायच्या आधी त्याचे पाय मोजा, बोर्डावर उभे आहेत की वायरीने जोडलेत ते बघा, आणि फोटो दाखवूनच घ्या. जवळ मिळाला नाही तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून कुणाकरवी मागवा. दोन जास्तच घ्या. हेडफोनचा जॅकही त्याच वयाचा आहे.